रोशा तेल

हा लेख रोशा गवतापासून मिळणाऱ्या सुगंधी तेलाविषयी आहे. लेखात आलेला ‘सोफिया’ हा शब्द या गवताच्या एका प्रकाराचे नाव आहे. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथे ‘सोफिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औष्णिक विद्युत प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.

रोशा तेल (व्यापारी नाव: पामारोजा तेल) हे रोशा किंवा रोहिष या गवताचे ऊर्ध्वपातन करून मिळवले जाणारे बाष्पनशील तेल आहे. या गवताचे शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असून ते तृण कुलातील आहे. फिकट पिवळ्या रंगाच्या या तेलाला गुलाबाची आठवण करून देणारा गोडसर वास असतो. जिरॅनिऑल हे सुगंधी अल्कोहॉल त्याचा मुख्य घटक होय. वऱ्हाड, खानदेश, निमाड आणि बैतूल या सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशांतून हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरामार्गे कॉन्स्टँटिनोपल (आताचे इस्तंबूल) येथे जात असे. तेथून ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या नावाने विकले जाई आणि मुख्यतः गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. हे तेल तुर्कस्तानात तयार होत नसे आणि जिरॅनियम या झाडापासूनही मिळत नसे. तरीही व्यापारातील त्या नावावरूनच पुढे त्याच्या मुख्य घटकाचे रासायनिक नाव रूढ झाले.

## नावे

मराठीत या गवताला रोशा, रोहिष, रोशेल गवत आणि तिखाडी अशी नावे आहेत. हिंदीत त्याला रूसा म्हणतात व त्यावरून इंग्रजी व्यापारात ‘रूसा तेल’ हे नाव आले. संस्कृत वैद्यकग्रंथांत व निघंटूंत रोहिष, कत्तृण, भूतीक आणि ध्यामक ही नावे सुगंधी गवतांसाठी येतात. रोशा हा शब्द संस्कृत रोहिष या शब्दाशी जोडला जातो. गुलाबासाठी असलेल्या लॅटिन ‘रोझा’ या शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे.

‘पामारोजा’ हे नाव व्यापाऱ्यांनी रूढ केलेले आहे. ताड किंवा गुलाब यांपैकी कोणत्याही झाडाचा या तेलाच्या निर्मितीशी संबंध नाही. याखेरीज निमाडवरून ‘निमाड तेल’, तसेच ‘भारतीय जिरॅनियम तेल’, ‘तुर्की जिरॅनियम तेल’ आणि तुर्की भाषेतील ‘इद्रिस यागी’ (इद्रिस तेल) अशी नावेही जुन्या व्यापारी व औषधशास्त्रीय ग्रंथांत आढळतात. एकाच तेलाच्या या अनेक नावांमुळे त्याच्या उगमाविषयी युरोपीय बाजारात दीर्घकाळ गोंधळ होता.

## वनस्पती

रोशा ही बहुवर्षायू, ठोंबाने वाढणारी वनस्पती आहे. तिची उंची साधारणतः १.५ ते २.५ मीटर असते. पाने लांब व टोकदार असून तळाशी ती रुंद व हृदयाकृती असतात आणि खोडाला वेढून राहतात. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात गवत फुलोऱ्यावर येते. फुलोरा पक्व होताना त्याला तांबूस रंग चढतो आणि रोशाने व्यापलेल्या टेकड्या दुरून तांबूस दिसतात. तेलाचे प्रमाण फुलोऱ्यात सर्वांत अधिक, पानांत त्याहून कमी आणि खोडात अत्यल्प असते. म्हणून कापणीची वेळ फुलोऱ्यावरून ठरवली जाते.

### मोतिया आणि सोफिया

या जातीचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. गवत कापणारे व भट्टी लावणारे लोक हा भेद वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आधीपासून ओळखत होते. शास्त्रीय वाङ्मयातही ही देशी नावेच स्वीकारली गेली.

* मोतिया: मोकळ्या, उन्हाच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या डोंगरउतारांवर हा प्रकार विखुरलेल्या ठोंबांनी वाढतो. त्याची पाने खोडापासून जवळजवळ काटकोनात बाहेर पडतात. याच्यापासून मिळणाऱ्या तेलास पामारोजा म्हणतात.
* सोफिया: तुलनेने ओलसर व सावलीच्या सखल जागी हा प्रकार दाट वाढतो. त्याची पाने खोडाशी लघुकोन करतात. त्याच्या तेलास व्यापारात ‘जिंजरग्रास तेल’ म्हणतात. त्याचा वास उग्र असतो आणि त्याला गुलाबाचा गोडवा नसतो.

दोन्ही प्रकार दिसायला इतके सारखे आहेत की वाळलेल्या नमुन्यांवरून त्यांच्यातील फरक सांगणे कठीण जाते. तेलाची किंमत मात्र या फरकावरच ठरते. मोतियाच्या भाऱ्यात सोफियाच्या पेंढ्या मिसळल्या तर संपूर्ण घाणीचा दर्जा उतरतो.

## शास्त्रीय वर्णनाचा इतिहास

या जातीच्या नावातील ‘मार्टिनी’ हा शब्द क्लॉड मार्टिन या फ्रेंच सैन्याधिकाऱ्यावरून आला आहे. मार्टिन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मेजर-जनरल पदापर्यंत पोहोचले. लखनौ येथील ला मार्टिनिअर विद्यालय त्यांच्याच मृत्युपत्रानुसार उभे राहिले. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९०-९२ च्या युद्धाच्या काळात बालाघाटाच्या पठारी प्रदेशात त्यांना हे गवत आढळले. गुरे ते आवडीने खातात व त्यांच्या दुधामांसालाही त्याचा वास येतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी बी गोळा करून ते लखनौस पेरले. विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वनस्पतीचे वर्णन करून तिला मार्टिन यांचे नाव दिले. त्यावेळी ती अँड्रोपोगॉन या प्रजातीत समाविष्ट होती.

सुगंधी गवतांच्या नावांतील गोंधळ दूर करण्याचे काम ऑटो स्टाफ यांनी केले. भारत व श्रीलंका येथील तेलयुक्त गवतांवरील त्यांचा निबंध १९०६ मध्ये क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९०९ मध्ये आय. एच. बर्किल यांनी मोतिया व सोफिया या प्रकारांविषयी लिहिले. त्यामुळे भारतीय भट्टीवाल्यांनी केलेला भेद आणि युरोपीय बाजारातील पामारोजा व जिंजरग्रास ही नावे यांची सांगड बसली.

## प्रसार आणि वऱ्हाड

रोशा गवत भारताच्या अनेक कोरड्या पानझडी वनप्रदेशांत आढळते. तेलाच्या व्यापारासाठी मात्र सातपुड्याचा पट्टा विशेष प्रसिद्ध होता. या पट्ट्यात खानदेशातील डोंगराळ भाग, निमाड, बैतूल, मेळघाट आणि गाविलगडच्या रांगा यांचा समावेश होतो. गाविलगडच्या पायथ्याशी असलेले अचलपूर (जुने नाव एलिचपूर) हे वऱ्हाडच्या इमादशाहीच्या राजधानीचे शहर होते. पुढील काळातही डोंगरातील वनोपज आणि मैदानातील शेतमाल यांची देवघेव करणारी ती महत्त्वाची पेठ राहिली.

वऱ्हाडच्या मैदानी भागात काळी कसदार जमीन व कापूस, तर उत्तरेला हलक्या, मुरमाड उतारांवर साग व गवत अशी विभागणी आहे. ज्या उतारांवर कापूस किंवा ज्वारी येत नाही, तेथे मोतिया उत्तम येतो. कोरकू व इतर डोंगरी समाजांच्या वस्तीचा हा प्रदेश असून गवतकापणी हे तेथे पावसाळ्यानंतरचे हंगामी काम असे.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळ, अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा माल थेट मुंबई बंदरात पोहोचू लागला. हा मार्ग मुख्यतः कापसासाठी महत्त्वाचा ठरला, तरी सातपुड्यातील वनोपजालाही त्यामुळे मुंबईची बाजारपेठ जवळची झाली.

## ऊर्ध्वपातन

### पारंपरिक भट्टी

पारंपरिक भट्टी नाल्याच्या किंवा ओढ्याच्या काठी लावली जात असे, कारण वाफ थंड करण्यासाठी वाहते पाणी आवश्यक असे. दगडांच्या चुलीवर लोखंडाचा किंवा तांब्याचा मोठा हंडा ठेवून त्यात गवत दाबून भरत आणि पाणी घालत. हंड्यावर झाकण बसवून त्याच्या कडा उडदाच्या पिठाच्या कणकेने लिंपत. झाकणाला जोडलेली बांबूची नळी दुसऱ्या भांड्यात सोडलेली असे. हे भांडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेले असे. हंड्याखाली जाळ केला की वाफेबरोबर तेल नळीतून जाऊन थंड भांड्यात उतरत असे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगे व ते पळीने काढून घेत.

या पद्धतीचे दोष उघड होते. जाळ थेट हंड्याला लागल्याने तळाचे गवत करपे आणि तेलाला जळका वास येई. तांब्याच्या भांड्यांमुळे तेल हिरवट होई. जोडांतून वाफ निसटल्यास तेल वाया जाई. मात्र संपूर्ण भट्टी उचलून नेता येत असल्याने एका उतारावरचे गवत संपले की ती दुसरीकडे लावता येई. गवताचे जड भारे दूर वाहून नेण्यापेक्षा भट्टीच गवताजवळ नेणे सोयीचे होते.

### आधुनिक पद्धत

आधुनिक संयंत्रात पाणी व गवत वेगळे ठेवले जातात. गवत जाळीवर रचून त्यातून खालून वाफ सोडली जाते आणि ती पुढे पाण्याने थंड केलेल्या नळ्यांतून जाते. पोलादी भांड्यांमुळे तेलाचा रंग बिघडत नाही. एका घाणीस साधारणतः २ ते ३ तास लागतात. ताज्या गवतातून वजनाच्या सुमारे ०.३ ते ०.५ टक्के तेल मिळते, म्हणजे १ टन गवतातून ३ ते ५ किलोग्रॅम. ऊर्ध्वपातनानंतर उरलेले गवत वाळवून त्याच भट्टीत इंधन म्हणून किंवा शेतात आच्छादन म्हणून वापरले जाते.

## ‘तुर्की जिरॅनियम’चा व्यापार

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून हे तेल कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यांतून तांबड्या समुद्रातील बंदरांकडे जाई आणि तेथून अरबस्तानमार्गे तुर्कस्तानात पोहोचे. कॉन्स्टँटिनोपल ही त्या काळी गुलाबाच्या अत्तराची मोठी बाजारपेठ होती. ऑटोमन साम्राज्यातील गुलाबाची लागवड प्रामुख्याने आजच्या बल्गेरियातील कझानलाक शहराच्या परिसरात होत असे. हा भाग ‘गुलाबांची दरी’ म्हणून ओळखला जातो.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये आलेल्या रोशा तेलावर एक प्रक्रिया केली जाई. लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर ते घुसळत आणि नंतर उन्हात ठेवत. लिंबातील आम्लामुळे तेलात उतरलेला तांब्याचा अंश निघून जाई, रंग फिकट होई आणि वासातील उग्रपणा कमी होई. असे ‘शुद्ध’ केलेले तेल कझानलाककडे रवाना होई. तेथे ते तयार गुलाबतेलात मिसळले जाई किंवा ऊर्ध्वपातनापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडले जाई. दुसऱ्या पद्धतीत भेसळ गुलाबाच्या वाफेबरोबरच भांड्यात उतरत असल्याने ती ओळखणे अधिक अवघड होई.

ही भेसळ शक्य होण्याचे कारण रासायनिक आहे. जिरॅनिऑल हा अस्सल गुलाबतेलाचाही एक महत्त्वाचा घटक आहे. गुलाबाच्या काही हजार किलोग्रॅम पाकळ्यांतून जेमतेम १ किलोग्रॅम तेल मिळते, तर रोशाच्या काहीशे किलोग्रॅम गवतातून तेवढेच तेल निघते. त्यामुळे दोहोंच्या किमतींत मोठे अंतर होते आणि वासातील साम्यामुळे एकाच्या जागी दुसरे खपवणे फायद्याचे ठरत होते.

युरोपातील ग्राहकांना हे तेल तुर्कस्तानातून मिळत असल्याने ते तुर्की समजले जाई. त्याचा वास पेलार्गोनियम या झाडाच्या तेलासारखा असल्याने त्याला जिरॅनियम म्हटले जाई. पेलार्गोनियम ही मूळची दक्षिण आफ्रिकेतील प्रजाती असून बागकामात तिला सर्रास जिरॅनियम म्हणतात. अशा रीतीने बंदर व वास या दोन आधारांवर तेलाला नाव मिळाले. ज्या डोंगरात गवत वाढले व भट्टी लागली, त्याचा उल्लेख त्या नावात उरला नाही.

## जिरॅनिऑल

१८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी भारतीय जिरॅनियम तेल म्हणून मिळणाऱ्या या गवताच्या तेलातून त्याचा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा पदार्थ कॅल्शियम क्लोराइडबरोबर स्फटिकरूप संयुग बनवतो. या गुणधर्माचा उपयोग करून तो इतर घटकांपासून अलग करता येतो. तेलाच्या व्यापारी नावावरून या पदार्थास जिरॅनिऑल हे नाव मिळाले. त्याची रचना १९१९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आल्बेर व्हर्ले यांनी निश्चित केली.

जिरॅनिऑलच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २३० अंश सेल्सियस आहे. जिरॅनियम हा शब्द क्रौंच पक्ष्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला असून त्या झाडाच्या फळाचा आकार पक्ष्याच्या चोचीसारखा असतो. म्हणजे भारतीय गवतातून प्रथम वेगळ्या केलेल्या या पदार्थाचे नाव दुसऱ्याच वनस्पतीच्या फळाच्या आकारापर्यंत मागे जाते. पेलार्गोनियमच्या तेलातही जिरॅनिऑल असतो, हे खरे. पण तो प्रथम शुद्ध रूपात मिळाला तो त्या झाडापासून नव्हे.

## रासायनिक संघटन

मोतियाच्या तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण बहुधा ७० ते ८५ टक्के असते. त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट असून ते गवताच्या वयानुसार व फुलोऱ्याच्या अवस्थेनुसार बदलते. लिनॅलूल, बीटा-कॅरिओफायलीन, ओसिमीन आणि फार्नेसॉल हे घटक अल्प प्रमाणात आढळतात. तेलाची सापेक्ष घनता सुमारे ०.८८ ते ०.८९ आणि प्रणमनांक सुमारे १.४७ असतो.

सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल कमी असून लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहॉल आणि मेंथाडायनॉल गटातील पदार्थ असतात. त्यांच्यामुळे त्याचा वास शहाजिरे किंवा आल्याकडे झुकतो.

## भेसळ आणि पारख

गुलाबतेलात भेसळीसाठी वापरल्या जाणाऱ्या रोशा तेलात स्वतःही भेसळ होत असे. त्यासाठी टर्पेंटाइन, रॉकेल, खाद्यतेले आणि सोफियाचे स्वस्त तेल वापरले जाई. पारखीच्या काही सोप्या चाचण्या पुढीलप्रमाणे आहेत.

* अल्कोहॉल चाचणी: शुद्ध पामारोजा ७० टक्के अल्कोहॉलच्या दोन ते तीन पट आकारमानात स्वच्छ विरघळते. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल मिसळलेले असल्यास द्रावण गढूळ होते.
* प्रकाशावरील परिणाम: मोतियाचे तेल ध्रुवित प्रकाशाचे प्रतल जवळजवळ वळवत नाही. सोफियाच्या तेलाचे वलन मोठे व अनियमित असते.
* कागद चाचणी: कागदावरील थेंब उडून गेल्यावर तेलकट डाग राहिल्यास अबाष्पनशील तेलाची शंका येते.

गुलाबतेलातील रोशाची भेसळ ओळखण्यासाठी ते कोणत्या तापमानाला गोठते हे पाहत. अस्सल गुलाबतेलात मेणासारखा भाग असल्याने ते थंडीत गोठते, तर रोशा मिसळल्यावर हे तापमान खाली येते. त्यावर उपाय म्हणून भेसळ करणारे देवमाशाच्या डोक्यातील मेण घालत. आता वायु-वर्णलेखन पद्धतीने तेलाचे घटक स्वतंत्रपणे मोजता येतात.

पामारोजा तेलासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ४७२७ क्रमांकाचे मानक आहे. मानकाच्या शीर्षकातच या गवताचे शास्त्रीय नाव व ‘मोतिया’ हा प्रकार नमूद आहे. जुन्या व्यापारी नावांनी जे सांगितले नव्हते, ते म्हणजे तेल कोणत्या वनस्पतीचे आहे, हे या मानकाने स्पष्ट केले.

## उपयोग

* साबण व सौंदर्यप्रसाधने: जिरॅनिऑल साबणातील अल्कधर्मी माध्यमात टिकून राहतो. त्यामुळे गुलाबगंधी साबणांत रोशा तेलाचा मोठा वापर झाला.
* सुगंधी द्रव्ये: गुलाबाचा आभास निर्माण करणाऱ्या मिश्रणांत तेल प्रत्यक्ष वापरले जाते. त्यापासून वेगळा केलेला जिरॅनिऑल व त्याची एस्टर संयुगेही वापरली जातात.
* तंबाखू: तंबाखूच्या पदार्थांना वास देण्यासाठी.
* कीटकरोधक: जिरॅनिऑल डास व इतर कीटक दूर ठेवणाऱ्या उत्पादनांत वापरला जातो.
* लोकवैद्यक: सांधेदुखी व अंगदुखीवर हे तेल चोळण्याची प्रथा आहे.

काही व्यक्तींच्या त्वचेला जिरॅनिऑलची ॲलर्जी होऊ शकते. युरोपीय संघाने २००३ मध्ये निश्चित केलेल्या २६ सुगंधी ॲलर्जीकारक पदार्थांत त्याचा समावेश आहे. त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात तो ०.००१ टक्क्याहून अधिक आणि धुऊन टाकल्या जाणाऱ्या उत्पादनात ०.०१ टक्क्याहून अधिक असल्यास वेष्टनावर त्याचे नाव छापावे लागते. यामुळे जगभरातील अत्तरांच्या व साबणांच्या वेष्टनांवर हे नाव दिसते, मग तो जिरॅनिऑल गवताचा असो वा कारखान्यात बनवलेला.

## मागणीतील घट

विसाव्या शतकात जंगली रोशाच्या तेलाला तीन बाजूंनी स्पर्धा निर्माण झाली. जावा बेटावर रोशाची लागवड सुरू झाली. त्याच बेटावरील सिट्रोनेला तेल जिरॅनिऑलचा दुसरा स्वस्त स्रोत ठरले. शतकाच्या मध्यानंतर टर्पेंटाइनमधील पायनीनपासून व पुढे खनिज तेलजन्य रसायनांपासून जिरॅनिऑल कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. साबणासारख्या स्वस्त वस्तूंसाठी कृत्रिम जिरॅनिऑल पुरेसा असल्याने नैसर्गिक तेलाची मागणी मुख्यतः उच्च प्रतीच्या सुगंधी द्रव्यांपुरती उरली.

दुसरीकडे जंगलातून गवत मिळवण्याच्या अटीही बदलल्या. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित क्षेत्रांतून वनोपज काढण्यावर निर्बंध आहेत. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने मात्र गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला असून औषधी वनस्पतींचा त्या व्याख्येत समावेश आहे. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात.

## लागवड

आता व्यापारी तेल मुख्यतः लागवड केलेल्या मोतियापासून मिळते. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१, वैष्णवी आणि हर्ष हे वाण विकसित केले आहेत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या अरोमा मिशनमध्ये रोशाचा समावेश आहे. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे.

बी बारीक असल्याने रोपवाटिकेत रोपे करून पावसाळ्याच्या सुरुवातीस ती लावली जातात. पीक हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत येते व पाण्याचा ताण सहन करते. साचलेले पाणी मात्र त्याला चालत नाही. फुलोऱ्यावर आलेले गवत जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर कापतात. पहिल्या वर्षी उत्पन्न कमी येते, पुढे ते वाढते आणि काही वर्षांनी पुन्हा लागवड करावी लागते. शेजारी सोफिया असल्यास बियाण्याची शुद्धता राखण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

कोरडवाहू भागात या पिकाची मुख्य अडचण शेतात नसून कापणीनंतर आहे. गवताचे आकारमान मोठे व त्यातील तेल थोडे असल्याने ऊर्ध्वपातन संयंत्र जवळ असावे लागते. एका लहान शेतकऱ्याच्या गवतावर असे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालत नाही. म्हणून लागवड गटाने करणे व संयंत्र सामाईक ठेवणे सोयीचे ठरते. जुन्या काळी गवताजवळ नेली जाणारी भट्टी हे याच अडचणीवरील उत्तर होते.

## सुगंधउद्योगातील स्थलनामे

सुगंधी द्रव्यांच्या व्यापारात मालाला उगमस्थानाऐवजी बाजारपेठेच्या किंवा निर्यात करणाऱ्या देशाच्या नावाने ओळखण्याची प्रथा जुनी आहे. एकविसाव्या शतकात मर्यादित प्रमाणावर निर्मिती करणाऱ्या स्वतंत्र सुगंधगृहांनी ऐतिहासिक शहरांच्या नावांचा व आठवणींचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने केला. अशा निर्मितीस ‘निश’ सुगंध म्हणतात. मुंबईशी संबंधित दोन उदाहरणे उल्लेखनीय आहेत.

* बॉम्बे ब्लिंग!: पॅरिसमधील नीला व्हर्मेर क्रिएशन्स या संस्थेचा सुगंध (२०११). त्याची रचना बर्त्राँ दुशोफूर यांनी केली. आंबा, लिची, वेलची, जिरे, गुलाब, मोगरा, निशिगंध, चाफा, तंबाखू व चंदन हे त्याचे जाहीर केलेले काही घटक आहेत. त्याच वेळी आलेले ‘त्रयी’ व ‘मोहर’ हे सुगंध भारताच्या अनुक्रमे वैदिक आणि मुघल-ब्रिटिश कालखंडांवर बेतलेले आहेत.
* सेव्हन आयलंड्स: मुंबईतील बॉम्बे परफ्यूमरी या २०१६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचा सुगंध. ज्या सात बेटांपासून मुंबई शहर बनले, त्यांच्यावरून हे नाव घेतले आहे.

या सुगंधांत शहराचे नाव जाणीवपूर्वक कल्पनेसाठी घेतलेले असते आणि ग्राहकाला ते ठाऊक असते. ‘तुर्की जिरॅनियम’ या नावाची गोष्ट वेगळी होती. तेथे स्थलनाम हेच मालाच्या उगमाचे विधान समजले जाई आणि ते चुकीचे होते. भारतात कनौजच्या अत्तराला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. सुगंधाचे नाव व त्याचे स्थान यांचा संबंध कायद्याने जोडण्याचे ते एक उदाहरण आहे.

## साम्य असलेली तेले

* गवती चहाचे तेल: सिम्बोपोगॉन सिट्रॅटस व सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस या गवतांपासून मिळते, मुख्य घटक सिट्रल, वास लिंबासारखा.
* सिट्रोनेला तेल: सिम्बोपोगॉन विंटेरिआनस व सिम्बोपोगॉन नार्डस या गवतांपासून मिळते, सिट्रोनेलॅल व जिरॅनिऑल हे प्रमुख घटक.
* वाळ्याचे तेल: वाळ्याच्या मुळांपासून मिळते. रोशाचे तेल मात्र जमिनीवरील भागापासून काढतात.
* जिरॅनियम तेल: पेलार्गोनियमच्या पानांपासून मिळते, सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल हे प्रमुख घटक. रीयुनियन बेटावरील तेल ‘बूर्बाँ’ या नावाने प्रसिद्ध आहे.

## हे सुद्धा पहा

* अत्तर
* गवती चहा
* वाळा
* ऊर्ध्वपातन
* मेळघाट
* अचलपूर
* गौण वनोपज